पिवळ्या रंगाखालचा कठडा

प्रिय शिवादादा,

उद्या तुझ्या अपघाताच्या चौकशीत माझी साक्ष आहे. त्याआधी तुला लिहितोय, कारण तुझ्याशी खोटं बोलता येत नाही.

तू गेलास त्या आठवड्यात चाकणला आपल्या कंपनीच्या गेटवर मी पाऊण तास बोललो. "हलगर्जीपणानं आमचा फिटर मारला," म्हणालो. टाळ्या पडल्या. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त एक गोष्ट मी गिळली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची. यंत्रांच्या पूजेला कामगारांची बायकापोरं येणार होती आणि सजावट युनियनकडे, म्हणजे माझ्याकडे होती. माळ्यावरचा कठडा तू नखानं टोकरून दाखवलास. लोखंडाचे पापुद्रे निघत होते.

"दोन दिवस माळा बंद ठेव. कुजलेला भाग कापून नवा जोडतो."

"दादा, सणाला रडगाणं नको. वरून पिवळ्या रंगाचा हात मार."

"राव, तुझ्या भाषणानं माणसं थांबत्यात. गंज थांबत न्हाई."

आपण दोघंही हसलो. माझ्या शब्दाखातर तू रंग मारलास. पोरांनी त्याच कठड्यापाशी फोटो काढले. सणानंतर बघू, असं मी म्हणालो होतो. झेंडू वाळला, हार उतरले, मी विसरलो. रंगाआड गंज लोखंड खात राहिला. उन्हाळ्यात मोटर उतरवताना तू तिथं टेकलास आणि कठडा बुडातून सुटला.

तुला ठाऊक असून का टेकलास रे? हात ठेवायला दुसरी जागाच नव्हती म्हणतात. आणि मला सोडून थेट साहेबाकडे का गेला नाहीस? इतका भरवसा ठेवावा माणसानं माझ्यावर?

परवा काळेवाडीला तुझ्या घरी गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कंपनी म्हणते यांनी कधी तक्रारच केली नाही, चूक यांचीच. एवढं कळणारा माणूस गप्प कसा बसला?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि "बघतो" म्हणालो. हजार माणसांपुढे न अडखळणारा मी, एका बाईपुढे एवढंच बोलू शकलो. जन्मभर दुसऱ्यांच्या पापांवर बोलत आलो. त्या दिवशी बापासारख्या माणसावर ठपका बसताना मान खाली घालून उठलो.

उद्या मालकाला सोडणार नाही. पण आधी माझं नाव घेईन. पद जाईल, जाऊ दे. आणि चौकशीला जाण्यापूर्वी सकाळी काळेवाडीला जाऊन वहिनींना सांगेन. त्यांनी तोंडावर दार लावलं, तर बाहेरून सांगेन.

तू ज्याला सांगितलं होतंस तो,
दत्ता