नरांच्या टाकीत ब्लीचिंग पावडर न टाकण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
मत्स्यबीज केंद्र.

विषय: नरांच्या टाकीतले मासे मारून टाकण्याचा हुकूम सोमवारपर्यंत थांबवणे.
संदर्भ: आपला आज सकाळचा लेखी आदेश.

महोदय,

आधी नुसतं ऐकून घ्या, रागवायचं ते मग रागवा.

केंद्रात नर-माद्या वेगळ्या करणारे ते माझे सख्खे काका, मी त्यांच्या हाताखालची मदतनीस. मासा उचलायचा, पोटावरून अंगठा फिरवायचा, पांढरं पाणी आलं की तो नरांच्या टाकीत. परवा तपासणीत आपण त्यातला एक चिरायला लावलात आणि आत निघाले अंड्यांचे दाणे! आपण सगळ्यांदेखत म्हणालात, "काय हो, नर विकून माद्या भरल्यात होय? आम्हाला दूधखुळे समजलात?" झालं, काका निलंबित. वर चोरीचा ठपका.

घरी काका आपल्या अंगठ्याकडेच बघत बसले. काकू म्हणाली, "अहो, दोन घास तरी खा." तर म्हणतात कसे, "माझाच हात चुकला असेल. कबूल करून टाकतो." माझ्या डोक्यात तिडीकच गेली! त्याच टाकीतला दुसरा मासा घेऊन तडक प्रयोगशाळा गाठली. तिथल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकातून दोनदोनदा बघितलं. साहेब, मासा नरच होता. अंडी त्याच्या वृषणातच धरली होती. त्या म्हणाल्या, कालव्यात सुटणाऱ्या वरच्या धुलाई कारखान्याच्या सांडपाण्यात अशी रसायनं असू शकतात की माशाचं शरीर त्यांना मादीचं संप्रेरक समजून बसतं. पिल्लं त्याच पाण्यात वाढली तर नर असे निघतात, पुढे वीणच खुंटते. आणि हे मासे पिल्लं असताना बोअरची मोटर जळाली, तेव्हा कालव्याचं पाणी घ्या, हे आपणच सांगितलंत ना? काकांनी तेव्हा नुसती मान डोलावली. तसेच आहेत ते.

पण एका माशावर बाई लेखी देत नाहीत. सगळी टाकी तपासायला त्या सोमवारी येतायत. आणि आपला आदेश, भेसळीची टाकी ठेवायची नाही, आज संध्याकाळपर्यंत मारा, पावडर टाकायची मी! म्हणजे काकांचे साक्षीदार मीच मारायचे. नाही मारले तर माझीही नोकरी जाणार, मग घरात कमावतं कोण? काका तर म्हणतात, "टाक गं बाई, तुझं तरी राहू दे."

सबब सोमवारपर्यंत टाकीला कुणी हात लावू नये, एवढंच मागणं आहे.

पावडरचं पोतं फोडून काठावर ठेवलंय. मासे वर येऊन तोंडं उघडतायत, त्यांना वाटतंय खाद्य आणलंय. साहेब, काका तुमचे असते आणि पोतं तुमच्या हातात असतं, तर तुम्ही काय केलं असतं?

आजवर एकही हुकूम न मोडलेली,
(सही)
मदतनीस, नर-मादी विभाग
गुरुवार, दुपार

सोबत: फॉर्मॅलिनच्या बरणीत एक नर.