आईचा अंगठा

२३ जानेवारी १९८२, नाशिक
नाही म्हणजे नाहीच! मखमलाबादच्या ग्रामपंचायतीत आज जुनी दप्तरं उघडली – माझ्या जन्माची नोंदच नाही. ग्रामसेवक म्हणाले, "तसा दाखला देतो. पण सोबत आईचं प्रतिज्ञापत्र जोडा."

मस्कतहून रजा काढून आले ती याच कागदांसाठी. जयराम आणि आमची लेक करुणा तिकडेच. अमेरिकेतल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी ठरलीय, दहा फेब्रुवारीला मुंबईत व्हिसाची मुलाखत. बाकी सगळं जमलं. राहिली ती आई! माळ्याची पोर बौद्धाच्या घरात गेली म्हणून वडिलांनी, दादांनी, दार लावलं, ते लग्नापासून बंदच.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "जा की. आईच हाय ना?"

२५ जानेवारी
गेले. मखमलाबादला आई गुलाबाच्या मळ्यात होती. बघून उभीच राहिली. मग म्हणाली, "वाळलीस लय." दादा विहिरीकडे निघून गेले.

आईला समजावलं – कोर्टाजवळ नोटरीकडे यायचं, अंगठा द्यायचा. "देते की. पण आज आवस हाय. परवा ये."

चहा दिला. घरातल्याच कपात.

२७ जानेवारी
"आज फुलांची तोड हाय. नंतर बघू." मीही तोडायला लागले. बोटं रक्ताळली – हात विसरलेत! आई करुणाचंच विचारत होती. कुणासारखी दिसती? भाकरी खाती का? पर्समधला फोटो दाखवला. पदरानं पुसला आणि चोळीत ठेवला. परत मिळाला नाही!

३० जानेवारी
आज गुडघा दुखतोय म्हणे. पिठलं-भाकरी खाऊन परत.

४ फेब्रुवारी
भांडले आज. "मुलाखत बुधवारी आहे, आई! द्यायचा नसेल तर सरळ नाही म्हण!"

ती चुलीत लाकूड सारत राहिली. मग म्हणाली, "अंगठा दिला का मंग तू कशाला येशील, चांगुणे?"

तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढी घोडी झाले, तरी हुंदके देऊन रडले. ती नुसती केसांतून हात फिरवत होती. "तेल लावत नाय का तिकडं?"

५ फेब्रुवारी
आई आली! नवं लुगडं नेसून, एकटी, बसनं. नोटरीनं विचारलं, "ही तुमचीच मुलगी?"

"मंग कोणाची? दोन दिस कळा दिल्यात हिनं!"

नोटरीसुद्धा हसला. अंगठा उमटला. मला वाटलं, आता घरची बस धरेल. तर म्हणाली, "तुझी सासू कुठं राहती?"

घरी घेऊन आले. सासूबाई गडबडल्या – पाणी पुढं करावं की नाही? तांब्या हातात धरून नुसत्या उभ्या. आईनंच हात पुढं केला. "द्या ना विहीणबाई. लय तहान लागली." पुरता तांब्या रिकामा केला.

मग दोघींनी मिळून माझ्या खोड्या काढल्या. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. कांद्याचं बरं असतं.

१० फेब्रुवारी, मुंबई
मिळाला! साहेबानं आईचा कागद नीट वाचला, दोन-चार प्रश्न विचारले, झालं. चार महिन्यांच्या आत निघायचं. माझं झालं, आता जयरामांचं आणि करुणाचं.

बाहेर फुटपाथवर उभी राहिले. एवढा आनंद, आणि पाय का जड झालेत?

१२ फेब्रुवारी, नाशिक
सकाळी दारात दादा. आत येईनात, बसेनात. चप्पल घातलेलीच. भिंतीकडे बघत म्हणाले, "जावई अन् नात कधी यायची?"

तशीच पोस्टात गेले. जयरामांना तार केली – नोकरी सोडा, करुणाला घेऊन लगेच या, निघेपर्यंत मखमलाबादला राहू.