दूध गाळायचे फडके

तुकोगंज, इंदूर
२४ नोव्हेंबर १९५३

ती. भावोजी यांस दिवाकरचा सा. न. वि. वि.

डेअरीने आज तुमचा दुधाचा कॅन पुन्हा परत केला. परीक्षा मीच घेतली. निळे औषध घातले की चांगले दूध तासन्‌तास निळे राहते. तुमचे अर्ध्या तासात पांढरे पडले. थंडीत पहाटेचे दूध असे बिघडते, तेव्हा दोष म्हशींचा नाही, भांड्यांचा आहे. बादलीचे सांधे, कॅनचे झाकण, गाळायचे फडके, सगळे स्वतः पाहा. आणखी एकदा बिघडले तर तुमचे दूध कायमचे बंद, असे साहेबांनी सांगितले आहे. तुमचे घर त्यावरच चालते.

ताई जाऊन तीन महिने झाले. तुमच्या दोन ओळींच्या पत्राला ती तार म्हणायची. या वेळी सविस्तर लिहा. माया आहे तशी असू द्यावी.

आपला,
दिवाकर


बेटमा
२७ नोव्हेंबर

चि. दिवाकर यास लक्ष्मीकांतचे अ. उ. आ.

बादली नि कॅन रोज कढत पाण्याने धुतो, उन्हात पालथे घालतो. फडके मात्र उकळत नाही. ते कुमुदच्या लुगड्याच्या पदराचे आहे, तिनेच शिवलेले. ती रोज उकळायची. ती गेल्यावर मी उकळले, तर कडेला विरले. तेव्हापासून गार पाण्यात हलकेच खळबळून सावलीत टाकतो. त्याला वास येतो, मला कळते. आपल्या उषाने नवे मांजरपाट आणले, ते मी घडी करून फळीवर ठेवले.

रडू येत नाही. धार काढतो, गाळतो, कॅन बसवर चढवतो. दूध बंद झाले तर झाले, असे वाटते. मग पोरीकडे पाहतो. पत्र लांबले. सुखी राहा.

लक्ष्मीकांत


इंदूर
३० नोव्हेंबर

ती. भावोजी यांस सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचले. साहेबांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आहे.

बेटम्याच्या बसच्या कंडक्टरकडे पुडके दिले आहे. त्यात लुगडे आहे, सुती. मे महिन्यात महेश्वरला ताईच्या भाऊबिजेसाठी घेतले होते. भाऊबीज झाली, ते ट्रंकेतच राहिले. तेही तिचेच आहे. हात-हातभर तुकडे करा. नव्या कापडाला खळ असते, म्हणून आधी दोन पाण्यांत उकळा, मग रोज एकदा. विरले की दुसरा तुकडा घ्या. नऊ वार आहे, पुष्कळ वर्षे पुरेल.

जुने फडके उषाच्या पेटीत ठेवा.

तुकडे इथेच करून पाठवणार होतो. कात्री घेऊन बसलोही होतो, पण मला कापवले नाही. तेवढे तुम्ही करा. आमची आठवण ठेवावी.

आपला,
दिवाकर