तापातलं रक्त

पालघर, १२ जून १९९४

चि. सुगंधास भगवंतदादाचे अनेक आशीर्वाद.

आनंदीचा रिपोर्ट पोचला. इथल्या डॉक्टरांनी मला शिष्य करून घेतलं. हिमोग्लोबिन म्हणजे पानात वाढलेला भात, फेरिटिन म्हणजे कणगीत शिल्लक लोह. पान भरलेलं दिसलं तरी कणगी रिकामी असू शकते. आमच्या भाचीची मात्र काठोकाठ! तेव्हा नर्सिंगला जायच्या वेळी दमणं ही निव्वळ निद्रादेवीची उपासना. कच्चे तांदूळ चघळणंही पुरे म्हणावं, उंदीर लाजले.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

सालवड, ३ ऑगस्ट

ती. दादास सुगंधाचा सा. नमस्कार.

आनंदीने नर्सिंगमधून नाव काढून घेतलं, हे तुला ठाऊक आहेच. परवा जिन्यात बसली ती उठेना. बोईसरच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, मागे तपासणीला रक्त दिलं तेव्हा ताप होता का? होता रे. नमुने मुंबईला फक्त सोमवारी जातात, ह्यांनी रजा टाकलेली. म्हटलं, फेरी कशाला फुकट घालवा. शेजारची नवसी म्हणालीही, वयनी, पोर तापलीय, आज रगत नको. मी हसण्यावारी नेलं. तापात हा आकडा फुगतो म्हणे, रिकामी कणगी भरलेली दिसते. आता पुन्हा तपासलं तर तळ लागलेला. कच्चे तांदूळ चघळणंही त्यामुळेच म्हणे. गोळ्या चालू आहेत, त्यावर चहा बंद.

नर्सिंगच्या मेट्रनबाई तुझ्या ओळखीच्या. जागेचं विचारशील? पोर स्वतः विचारणार नाही.

भावाची माया मागायची नसते, तरी मागते.

पालघर, ९ ऑगस्ट

चि. सुगंधास आशीर्वाद.

मेट्रनबाईंना भेटलो. जागा मनोर गावच्या एका मुलीला गेली. पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणाल्या, पण एकदा नाव काढलेल्यांना शेवटी घेतात. चाळीस वर्षं सुभाषितं घोकली; बाहेर पडताना एकही आठवलं नाही. रविवारी येतो. माझं जूनचं पत्र आनंदीने वाचलं नाही ना, तेवढं कळव.

तुमच्या लोभास पात्र आहे की नाही, न जाणे.

सालवड, १२ ऑगस्ट

ती. मामांस आनंदीचा नमस्कार.

आईचा चष्मा मेमध्ये फुटला, लिहिते ती अंदाजाने, पण आलेली पत्रं तेव्हापासून मीच वाचून दाखवते. जूनचंही मीच वाचलं. आई खूप हसली, मीही हसले. मग बाबांना म्हटलं, नाव काढा. दमते हे मलाच खोटं वाटायला लागलं होतं; वाटलं, अशा आळशी मुलीने नर्स कशाला व्हावं.

रविवारी नक्की या.