अर्ध्यावरचा बावटा

प्रिय ताईस, धाकट्याचा दुरून नमस्कार.

आईला सांग, बंदरात शिरताना आम्ही पिवळा बावटा लावला, म्हणजे जहाजावर सगळे ठणठणीत. मीही. जेवतो, झोपतो, कुणाशी भांडत नाही. तिचा गुडघा कसा आहे? बाबा अजून माझ्या कॉलेजचा विषय काढतात का?

बावटे चढवणं आता माझ्याकडे आहे. काल समोरच्या जहाजाने बावट्यांनी निरोप पाठवला. मी उत्तराचा तांबडा-पांढरा बावटा घाईघाईने थेट टोकाला नेला. साहेब ओरडले, "अरे शहाण्या, अर्थ लागला का तुला? नाही ना? मग अर्ध्यावर आण! निरोप दिसला की अर्धा, समजला की पूर्ण."

ताई, तुझ्या मैत्रिणीला मी लग्नाचं विचारलंय, पत्रातून. महिना झाला, उत्तर नाही. रागाच्या भरात दुसरं लिहिलंही होतं, पण फाडून पाण्यात टाकलं. तिला म्हण, विचार करायला हवा तेवढा वेळ घे, फक्त पत्र पोचलं एवढं कळव. तेवढ्यावर मी थांबेन.

आणि नकारच असला, तर तो तू लिही. तिच्या अक्षरातलं 'नाही' मला वाचता येणार नाही.

सगळ्यांना सांभाळ.

तुझा,
धाकटा