वाद्यं लावताहेत असं वाटलं

बाबा, आज माझी नोकरी जाता जाता राहिली. मस्कतच्या एका मोठ्या हॉलमध्ये मी आता खुर्च्या मांडतो, वादकांना पाणी देतो. त्याआधी सलालाहला नारळपाणी विकत होतो, त्याआधी खाबुऱ्याला एका शेतावर. ते जाऊ दे, तुम्ही असतात तर तिथेच 'मुद्द्यावर ये' म्हणून अडवलं असतं. तर फिनलंडची एक म्हातारी संगीतकार बाई आलीय, तिच्या नव्या रचनेची तालीम होती. व्हायोलिनवाले एकेक करून बारीक, घासल्यासारखा सूर काढत होते, मधेच थांबत होते. मला वाटलं, वाद्यं लावताहेत. आपल्याकडे भजनाआधी तेवढ्यातच तर पाणी फिरतं ना? अजून डोळ्यासमोर आहे: शुक्रवार आहे, मत्रहची आपली खोली, तुम्ही दुकानात अरबांचे डिशडाशे, ते लांब झगे, शिवून आलायत. आई चपात्यांच्या कणकेतला गोळा बाजूला काढून देते, तुम्ही तो पखवाजाला लावताय, हातोडीने ठोकताय, आणि मी माणसांमधून तांब्या घेऊन फिरतोय. तसाच आज बाटल्या घेऊन थेट मधे शिरलो. पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या हातात बाटली दिली. सगळं थांबलं.

आमचा सुपरवायझर केरळचा. तो विंगेतूनच ओरडला, "पागल है क्या? म्युझिक चल रहा था! खलास, कल से मत आ."

बाई हळूहळू चालत आली. इंग्रजीत विचारलं, तुला काय वाटलं? मी म्हटलं, "मॅडम, मला वाटलं अजून सुरूच झालं नाही." सुपरवायझरने डोळे मिटले. ती म्हणाली, "तरुणपणी कुणी असं म्हटलं असतं तर मी रडले असते. आता कळत नाही काय करावं." आणि मला शेजारी बसवून घेतलं.

मधल्या सुट्टीत ती बोलत राहिली. सुरुवातीला ती आकडेमोड करून संगीत लिहायची, लोक उठून जायचे. मग कंटाळून बरीच वर्षं फक्त चर्चमधल्या मुलांसाठी सोप्या चाली केल्या. मग एका बेटावर बर्फ वितळायची वाट बघणाऱ्या बाईवर ऑपेरा लिहिला, तो गावोगाव गाजला. आणि आता परत हे घासणं. मी विचारलं, "लोकांना आवडत होतं, मग मागे का गेलात?" ती म्हणाली, "मागे गेले की पुढे, तूच ऐकून सांग." मी ऐकलं. एकदा वाटलं, समुद्रावर ऊन वाढतंय. एकदा वाटलं, कुणीतरी बाकडं ओढतंय. मला अजूनही सांगता येत नाही, बाबा. कुणाला विचारायचं तेही कळत नाही, म्हणून हे लिहितोय. पाठवायला पत्ता कुठला?

निघताना सुपरवायझर म्हणाला, "मॅडम ने बोला इसलिए. कल टाइम पे. यल्ला, चल अब." आणि तिने विचारलं, ऐकायला कुणी शिकवलं? मी म्हटलं, वडील भजनं गायचे. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, उद्या त्यांचं एक मला म्हणून दाखव. मी हो म्हणालो.

तेव्हापासून आठवतोय. तुम्ही गायला लागलात की मी खाली मुलांत खेळायला पळायचो, आणि तुम्ही गाता गाताच हात हलवून जा म्हणायचात. तो हात दिसतो. चाल एकही येत नाही.