लेन्सवरचे वाचता येणारीच्या नावे

मी, कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, आणि या मृत्युपत्राचा मजकूर मला कोणी शिकवलेला नाही. शिकवण्याइतकी अक्कल घरात एकीलाच होती, आणि ती आता इथे राहत नाही.

१. राहते घर मुलाला द्यावे. तो स्वतःला छायाचित्रकार म्हणवतो. लेन्सच्या कड्यावर गोलाला तिरकी रेघ मारून ५८ लिहिलेले असते, तो पुढे लावायच्या फिल्टरचा व्यास. हे महाशय ती अठ्ठावन्न मिलिमीटरची लेन्स म्हणून गिऱ्हाइकाला सांगतात. शेजारी ५० मिमी ठळक छापलेले आहे. फोटो बिघडला की दोष लेन्सचा. नाचता येईना, अंगण वाकडे. घरात राहायला काही वाचावे लागत नाही, म्हणून घर.

२. धाकटा भाऊ लेन्स वजनावर पसंत करतो. कड्यावरचे १:१.८ म्हणजे लेन्स किती उजेड आत घेते, आकडा लहान तितका उजेड जास्त, हे त्याला चाळीस वर्षे सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी. त्याला कॅमेऱ्याची लोखंडी तिपाई द्यावी. तिला वजन भरपूर आहे.

३. दुकान, कामाचे बाक, हत्यारे आणि कपाटातल्या सर्व लेन्स मुलीला. मुलाने हरकत घेऊ नये म्हणून कारण नोंदवतो. लेन्स कॅमेऱ्यात जिथे अडकते ते माउंट. तिथे खूण असते: लाल ठिपक्याची लेन्स मोठ्या कॅमेऱ्याला चालते. पांढऱ्या चौकोनाची फक्त लहान कॅमेऱ्याची. तिची मागची काच आत घुसते, म्हणून ती मोठ्याला बसू नये असा अडसर तिला मुद्दाम ठेवलेला असतो. अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी तो अडसर कानशीने घासून लेन्स गिऱ्हाइकाच्या मोठ्या कॅमेऱ्यात बसवली. पहिलाच फोटो काढताना आतला आरसा उचलला गेला, काचेवर आदळला आणि फुटला.

बाकावर मुलगी होती. मी भरल्या दुकानात तिला हात धरून बाहेर काढले. ती एवढेच म्हणाली, "बाबा, मला वाचता येतं. मी कशाला घाशीन?"

गेल्या महिन्यात मुलगा तशीच लेन्स घेऊन आला आणि माझ्याकडे कानस मागू लागला. म्हणाला, "मागे बसवली होती ना मी, तशीच. तेव्हा आरसाच कच्चा होता."

त्याची मला कीव येते. माझी किळस येते. तो मूर्ख आहे; मी मात्र कारागीर होतो आणि मी लेन्स उलटी करूनही पाहिली नाही.

४. मुलीने दुकान नाकारल्यास तो तिचा अधिकार. तिची समजूत घालायला कोणी जाऊ नये.

५. माझ्या मृत्यूनंतर दुकानाच्या दारावर महिनाभर कागद लावावा: "लेन्स मुलीने घासली नव्हती. बापाने न तपासता तिला हाकलले."

सही करण्याआधी शेजारच्या घड्याळजीने पाचवे कलम दोनदा वाचले. म्हणाला, "मेल्यावर कशाला? आज हात मोडलेत का तुमचे?"

कलम ५ रद्द. कागद मी आजच लावला आहे. तिला फोन लावायचा राहिला आहे; सह्या झाल्या की लावतो.

साक्षीदार: १. घड्याळजी (सही) २. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)
लिहून ठेवणार: दुकानाचा मालक (सही)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार